टेनिस बॉलवर बॅटिंगचा सराव: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

पावसाळ्यात मैदानं भिजतात आणि सराव पार्किंगमध्ये, गच्चीवर, शाळेच्या हॉलमध्ये येतो. तिथे सीझन बॉल (कातड्याचा, म्हणजे लेदरचा चेंडू) चालत नाही, म्हणून टेनिस बॉल हातात येतो. या अंकात त्याच सरावाबद्दल आलेले प्रश्न घेतले आहेत.

माझा मुलगा 11 वर्षांचा आहे. अकादमीत सीझन बॉलवर खेळतो. संध्याकाळी मी त्याला पार्किंगमध्ये टेनिस बॉल टाकतो. अकादमीतले सर म्हणतात, टेनिस बॉलने हात बिघडतो. बंद करू का?
– एक पालक, नाशिक

बंद करू नका, पण सरांचं म्हणणं कुठून येतं तेही समजून घ्या. टेनिसच्या नियमांप्रमाणे चेंडूचं वजन 56 ते 59.4 ग्रॅम असतं. 13 वर्षांखालच्या मुलांच्या लेदर बॉलचं 133 ते 144 ग्रॅम, आणि पुरुषांच्या सीझन बॉलचं 156 ते 163 ग्रॅम. हलका चेंडू बॅटच्या कडेजवळ लागला तरी बॅट हातात फिरत नाही, मनगटाला झटका बसत नाही आणि चेंडू लांब जातो. मुलाला वाटतं, फटका जमला. सीझन बॉलवर तोच फटका स्लिपमध्ये जातो. म्हणजे टेनिस बॉल हात बिघडवत नाही, बिघडलेला हात लपवतो. ते लपणं थांबवलं की हा सराव फार कामाचा आहे. नेटमध्ये मुलाच्या वाट्याला जेमतेम 20-25 चेंडू येतात. घरी 20 मिनिटांत शंभर होतात, तेही भीतीशिवाय.

चेंडू खडूच्या पुडीत घोळवून टाका. बॅटवर पांढरा ठसा उमटतो. टोकापासून साधारण 15 ते 20 सेंटिमीटरवर, पात्याच्या मधोमध ठसा आला तर फटका खरा. दर सहा चेंडूंनंतर ठसे एकत्र बघा आणि पुसून टाका. ठसे सतत एकाच कडेला येत असतील तर मुलाचं डोकं चेंडूच्या रेषेबाहेर पडतंय. मग हाताला नाही, डोक्याला आणि पुढच्या पायाला सूचना द्या.

दुसरी अडचण उसळीची. लेदर बॉल ज्या टप्प्यावरून मांडीपर्यंत येतो, त्याच टप्प्यावरून नवा टेनिस बॉल सिमेंटवर छातीपर्यंत येतो. मग मूल मागे रेलून, बॅट छातीसमोर धरून खेळायला लागतं. यावर दोन उपाय आहेत: अर्धवट दम गेलेले चेंडू वापरा, आणि तुम्ही उभं राहून नाही, गुडघ्यावर बसून टाका. हातातून चेंडू खालून सुटला की जमिनीला सपाट कोनात लागतो आणि कमी उसळतो. 9 ते 10 मीटरवरून टाका. मुलापासून तीन मीटरवर खडूची रेघ ओढा आणि तिच्या आसपास टप्पा द्या. चेंडू कमरेच्या वर यायला नको.

एकच नियम ठेवा: हवेत मारला की बाद. पार्किंगमधल्या काचाही त्याने वाचतील.

मी 19 वर्षांचा आहे, क्लबकडून खेळतो. शॉर्ट पिच (आखूड टप्प्याच्या) चेंडूवर नजर हटते, तोंड वळतं. ओल्या टेनिस बॉलवर सराव कर असं सगळे सांगतात. नक्की कसा करायचा?
– एक खेळाडू, कोल्हापूर

नजर हटणं ही भीतीची सवय आहे, आणि ती मोडायला लागणारा चेंडू दुखणारा नसावा. म्हणून ओला टेनिस बॉल. पण नुसता बादलीत बुडवून फेकला तर त्यातून काही मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी जागा. गुळगुळीत कोबा किंवा सिमेंट, 13-14 मीटर लांब. तुम्ही जिथे उभे राहाल तिथे काथ्याचं मॅटिंग टाका आणि ते कोरडं ठेवा. पॉलिश केलेल्या फरशीवर हा सराव करूच नका. मागच्या पायावर जाताना पाय सरकला तर घोटा जातो. तुमच्यापासून सहा ते सात मीटरवर एक मीटर रुंद, दीड मीटर लांब पट्टा ओला ठेवा. दर दहा चेंडूंनी एक मग पाणी पुरतं.

चेंडू लव झिजलेले, बोडके घ्या, दहा-बारा तरी. लव असलेला चेंडू पाणी पितो, जड होतो, हवेत मंदावतो आणि बॅटवर आपटला की डोळ्यांत पाणी उडवतो. तेवढ्यात नजर मिटते, म्हणजे जी सवय मोडायची तीच पक्की होते. बोडका चेंडू बुडवायचा, एकदा झटकायचा आणि टाकायचा.

ओला चेंडू सरसर का येतो? कोरडा चेंडू टप्प्यावर जमिनीला धरतो. त्यात त्याचा पुढे जाण्याचा वेग खर्च होतो आणि तो मंद होऊन वर उठतो. पाण्याच्या थराने घर्षण कमी होतं, वेग टिकतो, चेंडू खालून आणि लवकर येतो. त्यामुळे छातीपर्यंत आणायचा तर टप्पा कोरड्यापेक्षा आखूड लागतो. फेकणाऱ्याला हे आधीच सांगा, नाहीतर पहिले वीस चेंडू गुडघ्यावर येतील.

फेकणारा 11 मीटरवर उभा करा, पूर्ण 22 यार्डांवर नाही. टेनिस बॉल हलका आणि केसाळ, म्हणून हवेत फार लवकर दमतो. ढोबळ हिशोबाने 17 मीटरच्या प्रवासात त्याचा पाव भाग किंवा त्याहून जास्त वेग जातो, लेदर बॉलचा दहावा भाग. पूर्ण अंतरावरून जोरात फेकला तरी तो तुमच्याकडे पोहोचेपर्यंत थंड झालेला असतो. हवेतली घट धरली नाही तर 11 मीटरवरून ताशी 60 किलोमीटरने फेकलेला चेंडू साधारण 0.66 सेकंदात पोहोचतो. क्रीज ते क्रीज, म्हणजे 17.68 मीटर, एवढ्याच वेळात यायला ताशी 95 किलोमीटरच्या आसपास वेग लागतो. ही सुरुवात आहे. जमलं की अंतर मीटरभर कमी करा. वेग वाढवायला जाऊ नका, त्याने फेकणाऱ्याचा खांदा जातो आणि दिशाही.

पहिले तीन दिवस फटका मारायचा नाही. अर्ध्या चेंडूंवर मार्करने मोठे लाल ठिपके काढा, उरलेल्यांवर निळे. बॅट हातात घेऊन उभं राहायचं, चेंडू आला की मागे रेलून किंवा खाली वाकून सोडायचा आणि तो जवळून जाताना रंग मोठ्याने सांगायचा. रंग सांगायचा तर चेंडू बघावाच लागतो, तोंड वळवून चालत नाही. वाकताना हात खाली घ्या. बॅट डोक्यावर उभी राहिली तर चेंडू तिला लागून झेल जातो, आणि खऱ्या सामन्यात शॉर्ट लेग (फलंदाजाच्या अगदी जवळचा क्षेत्ररक्षक) त्याचीच वाट बघत असतो. दिवसाला 36 चेंडू पुरेत.

मग मागच्या पायावरचा बचाव. उजव्या हाताने खेळत असाल तर उजवा पाय मागे आणि ऑफ स्टंपकडे, पंजा पॉइंटच्या दिशेला. वरच्या हाताचं कोपर उंच, खालच्या हाताची फक्त दोन बोटं आणि अंगठा. चेंडू बॅटला लागून दोन मीटरच्या आत पहिला टप्पा घेतो का ते बघा. टेनिस बॉल पात्यावरून लेदर बॉलपेक्षा जास्त उडी मारतो. त्यामुळे इथे तो मऊ पडला तर तुमचे हात खरंच सैल आहेत. हा टेनिस बॉलचा खरा फायदा आहे आणि त्याचा उल्लेख कमी होतो.

(खालचा हात सैल ठेवणं मोठ्या खेळाडूंनाही सोपं नसतं. 2007 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ॲडम गिलख्रिस्टने खालच्या हाताच्या ग्लव्हमध्ये स्क्वॉशचा चेंडू ठेवून 104 चेंडूंत 149 धावा केल्या. पकड तळव्यात जाऊ नये म्हणून.)

पुल शेवटी. कमरेपासून छातीपर्यंतचाच चेंडू मारायचा, खांद्याच्या वरचा सोडायचा. हात पूर्ण लांब, चेंडूला वरून खाली, लागताना मनगटं फिरवून.

यात बिघडतं ते असं. फेकणारा सगळेच आखूड टाकतो, तुम्ही चेंडू सुटायच्या आधीच मागच्या पायावर जाता, आणि सामन्यात यॉर्करवर बाद होता. म्हणून सहामधले दोन चेंडू पुढे, न सांगता. दुसरं, दुखत नाही म्हणून अंगावर घेणं. अंगाला लागला की बाद समजा. हेल्मेट आणि पॅड घालूनच उभे राहा, कारण ते घातल्यावर वाकणं आणि नजर दोन्ही बदलतात. तीन आठवड्यांनी हेच 36 चेंडू सीझन बॉलवर, थ्रो-डाऊनमध्ये (जवळून हाताने फेकलेल्या चेंडूंवर), कमी वेगाने घ्या. गवताळ खेळपट्टीवरची उसळी कोब्यासारखी नसते, ती तिथेच शिकावी लागते.

साध्या टेनिस बॉलवर 11 मीटरवरून थ्रो घेताना हेल्मेट लागतं का?
– एक वाचक, सांगली

हो. टेनिस बॉल सहसा हाड मोडत नाही, पण डोळ्याला गंभीर इजा करू शकतो. हेवी टेनिस (क्रिकेटसाठी मिळणारा जाड रबराचा, जड चेंडू) असेल तर ॲब्डॉमिनल गार्डही घाला.

आमच्याकडे टेनिसच्या स्पर्धांमध्ये माझं नाव आहे. जिल्हा निवड चाचणीला सीझन बॉलवर मात्र दोनदा लवकर बाद झालो. एक महिन्यात काय बदलू?
– एक फलंदाज, अलिबाग

कोकणातल्या आणि ठाण्या-रायगडातल्या टेनिस क्रिकेटला आता मोठं व्यासपीठ आहे. 2024 मध्ये आयएसपीएलचा (इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग, टेनिस बॉलची स्पर्धा) पहिला हंगाम ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर झाला. तेव्हा ते कौशल्य कमी मानू नका. पण थोड्या षटकांच्या खेळात तुम्ही शिकलात ते असं: पुढचा पाय लेगला काढून जागा करायची, बॅट उंचावरून मोठी आणायची, सोडायचं काहीच नाही. तिन्ही गोष्टी सीझन बॉलवर महाग पडतात.

तुम्ही बहुतेक उशिरा पोहोचताय. टेनिस बॉल टप्प्यावर थांबून येतो, तुमचे हात त्या थांबण्याची वाट बघायला शिकलेत. लेदर बॉल थांबत नाही. मोठी बॅकलिफ्ट खाली येईपर्यंत तो पॅडवर किंवा यष्ट्यांवर असतो. बॅट बेल्सच्या उंचीपर्यंतच मागे न्या आणि गोलंदाजाच्या हातातून चेंडू सुटताना ती मागे गेलेली असू द्या.

पहिल्या आठवड्यात टेनिस बॉलच वापरा. ऑफ स्टंपच्या बाहेर एक हातावर चौथा स्टंप रोवा. त्याच्या बाहेरचा प्रत्येक चेंडू सोडायचा. रोज 60 चेंडू, त्यांतले 20 तरी सोडलेले असले पाहिजेत. षटकार मारणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटतं, पण निवड चाचणीत पहिली दोन षटकं टिकणं यावरच ठरतं. दुसऱ्या आठवड्यात एक टेनिस, एक सीझन असे आलटूनपालटून थ्रो घ्या, आधी न सांगता. दोघांच्या उसळीतला फरक अंगात उतरायला याहून चांगला मार्ग नाही. पुढचे दोन आठवडे फक्त सीझन बॉल. टेनिस बॉल सरावाआधीच्या दहा मिनिटांपुरता, पाय हलके करायला. त्या काळात स्पर्धा खेळू नका. एका रविवारच्या सामन्यात पुढचा पाय पुन्हा लेगला पळतो.

टेनिसची बॅट घेऊन चाचणीला जाऊ नका. पाठ कोरून हलकी केलेली ती बॅट सीझन बॉलला टिकत नाही, तडकते.

सोबतीला कोणी नाही. छताला टांगलेल्या चेंडूवर सराव करून उपयोग होतो का?
– एक विद्यार्थिनी, पुणे

होतो, बॅट सरळ येते का हे तपासायला. वेळ साधायला नाही, कारण टांगलेला चेंडू टप्पा घेत नाही.

जुन्या पायमोज्यात चेंडू घाला, वर घट्ट गाठ मारा, तीन-चार मिलिमीटरच्या नायलॉन दोरीने तुळईच्या हुकाला टांगा. इलॅस्टिक वापरू नका, चेंडू तोंडावर परत येतो. चेंडूचा तळ जमिनीपासून 30 ते 40 सेंटिमीटरवर ठेवा. दोरी जितकी लांब तितका झोका संथ. अडीच-तीन मीटर असली तर उत्तम.

आता बघायचं ते असं. सरळ ड्राइव्ह मारल्यावर चेंडू ज्या रेषेत गेला त्याच रेषेत परत आला तर पातं सरळ होतं. गोल फिरत आला तर बॅट आडवी आली किंवा पात्याचं तोंड वळलं. कोणी प्रशिक्षक शेजारी नसताना एवढी स्पष्ट खूण दुसरी मिळत नाही. दहा फटके फक्त वरच्या हाताने मारा, बॅट थोडी खाली धरून. मग दहा दोन्ही हातांनी, अर्ध्या जोराने. जोर लावला की दोरी सैल पडते, चेंडू वेडावाकडा उडतो आणि खूण वाचता येत नाही.

वेळ साधायची तर भिंत घ्या. चार-पाच मीटरवरून चेंडू भिंतीवर फेकायचा आणि परत येताना स्टंपने किंवा जुन्या, अरुंद कापलेल्या बॅटने खेळायचा. ऑस्ट्रेलियाचे डॉन ब्रॅडमन लहानपणी बाउरल गावातल्या घरी पाण्याच्या टाकीच्या विटांच्या बैठकीवर गोल्फचा चेंडू आपटून स्टंपने खेळायचे. टेनिस बॉल त्याहून पुष्कळ सोपा आहे. स्टंपवर दहापैकी सहा लागायला लागले की एक मीटर पुढे या.

तुमच्यासाठी एक जादा गोष्ट: महिला क्रिकेटचा चेंडू 140 ते 151 ग्रॅमचा आणि आकाराने थोडा लहान असतो. नेटमध्ये मुलांबरोबर पुरुषांच्या चेंडूवर खेळत असाल तर आठवड्यातून एकदा तरी स्वतःच्या चेंडूवर थ्रो घ्या.

कोणते चेंडू घ्यावेत आणि किती?
– एक शिक्षक, लातूर

शाळेसाठी टेनिस क्लबात वापरून झालेले चेंडू मागा. डब्यातल्या नव्या चेंडूत आत दाबाची हवा भरलेली असते. टेनिसच्या नियमांप्रमाणे 254 सेंटिमीटरवरून काँक्रीटवर सोडला तर तो 135 ते 147 सेंटिमीटर उसळावा लागतो. बॅटिंगच्या सरावाला एवढी उसळी नको. डबा उघडल्यावर काही आठवड्यांत दाब गळतो, आणि टेनिस खेळणाऱ्यांनी टाकलेला तोच चेंडू आपल्याला सोन्यासारखा. तपासायचं असं: भिंतीवर एक मीटरची खूण करा, तिथून चेंडू सोडा. 55 सेंटिमीटरच्या आसपास आला तर नवा, 40 ते 45 आला तर सरावाला योग्य. 30 च्या खाली गेला तर तो फक्त टांगायला.

क्रिकेटसाठी म्हणून विकतात ते हेवी टेनिस वेगळे. त्यांचं रबर जाड आणि वजन साधारण 110 ते 130 ग्रॅम असतं, पण एकाच खोक्यातल्या दोन चेंडूंतही फरक सापडतो. दुकानातल्या काट्यावर तोलून घ्या. बारा वर्षांखालच्या मुलांना हेवी देऊ नका.

एका फेकणाऱ्यामागे 18 चेंडू. याहून कमी असले तर निम्मा तास गोळा करण्यात जातो, जास्त असले तर फेकणारा न थांबता फेकतो आणि फलंदाजाला श्वास मिळत नाही.

नवी इंग्लिश विलोची बॅट टेनिस बॉलवर खेळून तयार होते का?
– एक वाचक, नागपूर

नाही. नॉकिंगला (नव्या बॅटचं पातं ठोकून तयार करायला) लाकडाची हातोडी किंवा जुना लेदर बॉल लागतो. टेनिस बॉलचा मार पात्याचे तंतू दाबत नाही. उलट ओल्या बॉलच्या सरावात ती बॅट आणूच नका: टोकातून पाणी शिरतं, लाकूड फुगतं, सुकताना फाटतं. ओल्या सरावाला जुनी काश्मीर विलो ठेवा. टोकाला रबराचा गार्ड लावा आणि सराव झाल्यावर पुसून सावलीत आडवी ठेवा, टोकावर उभी नाही.

इथे पाकिस्तानी सहकाऱ्यांबरोबर टेप बॉल (टेप चिकटवलेला टेनिस बॉल) खेळतो. अर्ध्या टेपचा चेंडू फार स्विंग होतो. सरावासाठी तो घरी कसा करायचा?
– एक मराठी वाचक, दोहा

इलेक्ट्रिकची प्लॅस्टिक टेप घ्या, साधारण 18 मिलिमीटर रुंद. चांगली लव असलेला चेंडू निवडा आणि त्याच्या मधोमध पेनने एक पूर्ण गोल रेघ काढा. दहा-अकरा सेंटिमीटरचे तुकडे कापून फक्त एका अर्ध्यावर चिकटवा. प्रत्येक तुकडा आधीच्यावर थोडा चढवा आणि अंगठ्याने घासून सुरकुत्या काढा. रेघेवरची कड सरळ कापलेली हवी. ती वेडीवाकडी असेल तर चेंडू हवेत डगमगतो आणि स्विंग होत नाही.

चेंडू केसाळ बाजूकडे वळतो. उजव्या फलंदाजाला केसाळ बाजू ऑफला ठेवून टाकला तर बाहेर जातो, लेगला ठेवला तर आत येतो. टाकताना रेघ उभी आणि बोटं तिच्या मागे, चेंडू मागच्या दिशेने फिरत सुटावा. 14 ते 15 मीटरवरून मध्यम वेग पुरे. टाकणाऱ्याने दुसऱ्या हाताने चेंडू झाकावा. फलंदाजाला बाजू आधी दिसली तर सराव वाया जातो.

फलंदाजाने एकच पाळायचं: चेंडू डोळ्यांखाली येईपर्यंत हात पुढे न्यायचे नाहीत. हा चेंडू लेदर बॉलपेक्षा जास्त आणि लवकर वळतो. त्यामुळे फार दिवस फक्त यावर खेळलात तर साध्या स्विंगलाही बॅट जादा बाहेर जायला लागते. आठवड्यातून दोनदा, 30 चेंडू, बस्स. टेपची कड उचलली की ती पुन्हा चिकटवत बसू नका. पूर्ण काढून नवी लावा, कारण सुटलेल्या कडेमुळे चेंडू कुठेही जातो आणि फलंदाज स्वतःची चूक शोधत राहतो.